मैदान पायी पाहताना

तीन ठिकाणची पत्रकं आलीत, प्रणोती,
आणि तू म्हणतेस, काका, नागपूरचंच भरा.

ते मैदान मला ठाऊक आहे.
कापलेलं गवत, रंगवलेले ओंडके,
सगळे गुडघ्याएवढे, सारख्या अंतरावर,
शाळेच्या भिंतीवरच्या बाराखडीसारखे.
तुरी झोपेत मारेल त्या उड्या.
फीत मिळेल. तू ती तबेल्यातल्या खिळ्याला लावशील,
तिथं आधीच्या सहा आहेत, दोन उंदरांनी कुरतडलेल्या.

पाच वर्षांमागं ती झाली तेव्हा
वावरात तूर कापून पडली होती.
पेंढ्यांच्या आडोशाला ओलीचिंब, चारही पाय चार दिशांना,
आणि शालीकराम म्हणाला,
'नाव काहून शोधता, तुरीतच हाय नं ते.'
तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या हातावर
तिनं किती वेळा दिल्या, तूच मोज.

रिसाल्यात माझ्याकडे एक घोडा होता, सुरंग.
देखणा. सोप्या सोप्या मैदानांवर वाढवलेला.
माझीच हौस, हरणं नको वाटायचं.
मग एका सकाळी खंदकापुढं तो उभा राहिला तो राहिलाच.
भ्याला नव्हता गं.
त्याला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं.
मी मात्र खंदकापलीकडे पोचलो, एकटाच.
हासळीचं ते हाड अजून डिसेंबरात बोलतं.

म्हणून काल मोटरसायकल काढली.

आधी यवतमाळकडचं पाहिलं.
वळणाआड एकदम खड्डा, उतरायला सुटा मुरूम,
घोड्याला दिसायच्या आत पाय हवेत.
ते कठीण नाही, ते कपटी आहे.
पत्रक तिथंच फाडलं.

मग काटोलच्या पलीकडे, टेकडीखाली.
तिथं कुणीतरी घोडा ओळखणाऱ्यानं आखलंय.
पहिल्या तीन उड्या रामराम घालाव्या तशा.
चौथीला धुऱ्यावरून खाली उतार,
सातवा ओंडका इतका अरुंद
की सरळ आलीस तरच आहे, नाहीतर बाजूनं रान मोकळं.
नाल्यात पाणी घोट्याएवढं, पण तळ दिसत नाही.
आणि अकरावी सागाच्या झाडीत:
भगभगीत उन्हातून थेट सावलीत उडी.

तिथं मी गुडघ्यावर बसलो, मग थोडा उठलो,
तिच्या डोळ्यांच्या उंचीवर मान आणून पाहिलं.
एक बकऱ्यावाला बराच वेळ थांबला होता.
'काही हारपलं का बुवा?'
म्हटलं, नाही, पाहतोय.
घोड्याचा डोळा अंधाराला उशिरा सरावतो,
आपण तीन टापांचा वेळ दिला तर तिला बुंधा दिसेल,
दोनच दिल्या तर काळं भोक.
तीन टापा मी चालून मोजल्या. आहेत. जेमतेम.

तर हे भरतोय मी, प्रणोती.
फीत मिळणार नाही. घड्याळ घरी ठेव.
उतारावर मागं बस, नाल्यात तिला वास घेऊ दे,
एकदा थांबली तर वळवून पुन्हा विचार,
चाबूक न उचलता, तोच प्रश्न, त्याच आवाजात.
पुन्हा थांबली तर टोपी काढ, हात वर कर, चालत घरी ये.
मी कुटार भिजवून ठेवीन.

तोवर हे बघ,
मोहाच्या झाडाखाली पऱ्हाटीचा कूप बांधलाय,
दीड हात उंच, सावलीच्या अगदी काठावर.
ऊन उतरायच्या आत एकदा आण तिला.
नाही, वेग नको.
लगाम सैल.
थांबली? थांबू दे.
कान बघ तिचे. एक तुझ्याकडे आहे,
एक झाडाकडे.